लिंडेकापेलचा आठवा गडी

रेजीस हेनबेलला कुणी निवृत्त म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. निवृत्त व्हायचं तर आधी कुणीतरी रीतसर विचारायला हवं, आणि आपल्याला तसं कुणी विचारलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. वय एकसष्ट. गुडघे असे वाजायचे की स्वारी चर्चच्या मागच्या बाकावर बसली तरी पुढच्या रांगेला कळायचं. पोटाबद्दल न बोललेलंच बरं. पण चालताना छाती अशी काढलेली, की समोरून ट्रक आला तर ट्रकनंच बाजूला व्हावं.

उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कपासून वीस मिनिटांवरच्या लिंडेकापेलचा तो. बाप गोदीत हमाल, आई हेरिंग मासे खारवायच्या कारखान्यात. सगळीकडे सपाट कुरणं आणि मधून पाण्याचे चर. पोरं कुरणात फुटबॉल खेळायची, आणि चेंडू चरात पडला की एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. त्या गार पाण्यात उतरणार कोण? रेजीस उतरायचा, आणि घरी जाऊन आईच्या हातचा मार खायचा. असा चार-पाच वेळा मार खाल्ल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की चेंडू चराकडे जाऊच दिला नाही तर सगळाच त्रास वाचतो. झालं, बचावपटू तयार झाला. पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनी त्याला फळ्यावर बाण काढून जे शिकवलं, ते सगळं आपल्याला चरानं आधीच शिकवलं होतं असं तो सांगायचा, आणि प्रशिक्षकांच्या तोंडावर सांगायचा. म्हणून तर त्याचं कुणाशी फार पटलं नाही.

सतराव्या वर्षी तो व्यावसायिक संघात गेला. सतरा वर्षं खेळला, तीन संघ बदलले. बराचसा काळ दुसऱ्या विभागात गेला, शेवटची दोन वर्षं पहिल्या विभागात, दक्षिणेला समुद्रकाठी. साडेतीनशेच्या वर सामने आणि गोल म्हणाल तर दोन. त्यातला एक स्वतःच्याच जाळीत, आणि तोच जास्त देखणा होता असं त्याची बायको मारीवोन अजून पाहुण्यांना सांगते. पेपरवाले त्याला कुलूप म्हणायचे. एकदा देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. गेला, आणि तिसऱ्या दिवशी परत. म्हणे वळायला फार वेळ लावतो. रेजीसनं बॅग उचलता उचलता उत्तर दिलं होतं, की वळायचं कशाला, मला मागे जायचंच नाही.

दक्षिणेतला शेवट काही गोड झाला नाही. गुडघ्यावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली होती, संघाला नवा अध्यक्ष आला होता, आणि त्या अध्यक्षाला चौतीस वर्षांचं कुलूप नको होतं. राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. रेजीसनं सही केली नाही. मग त्याचं कपाट काढून घेतलं, सरावातून नाव काढलं, मोठ्या मैदानावर यायला मनाई केली. हा बाबा रोज सकाळी नऊला फाटकाशी हजर. मागच्या खडीच्या जागेत एकटा पळायचा, भिंतीवर चेंडू मारायचा, बाराला घरी. पाच महिने, करार संपेपर्यंत. शेवटच्या दिवशी हिरवळ राखणाऱ्या माळ्यानं त्याच्याशी हात मिळवला, बाकी कुणी नाही. मारीवोन म्हणायची, एवढा हट्ट अभ्यासात केला असतास तर आज डॉक्टर असतास. पण तिनं त्या पाच महिन्यांत एकदाही सही कर म्हटलं नाही, हेही खरंच.

मग दोघं गावी परतले. चर्चसमोर बटाट्याच्या तळलेल्या फोडी विकायची मोटारगाडी टाकली. बैलाच्या चरबीत दोनदा तळलेल्या, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. आणि रविवार गावच्या संघाचा. संघ जिल्ह्याच्या अगदी तळाच्या विभागात, कपडे बदलायच्या खोलीत एकच नळ गरम पाण्याचा, पण संघाला शहाण्णव वर्षं झालेली. रेजीस रेघा आखायचा, जाळ्या शिवायचा आणि सगळ्यांना शिव्या घालायचा.

या वर्षी संघाची दशा वाईट झाली. पोरं कामासाठी शहरात गेली, दोन रविवारी आठ जणसुद्धा जमले नाहीत. आणि नियम असा, की सुरुवातीच्या शिट्टीला आठ खेळाडू उभे नसतील तर संघ गैरहजर. तीनदा गैरहजर राहिला की जिल्ह्याच्या यादीतून नावच जातं. दोनदा झालं होतं. शेजारच्या ब्रूकवालच्या संघाचे अध्यक्ष मस्यू वांदवाल याचीच वाट बघत होते. मोठं गाव, मोठं मैदान, आणि दोन्ही संघ एक करायचा ठराव त्यांनी खिशातच ठेवला होता. नाव अर्थात ब्रूकवालचं. आमच्या महापौरबाईंनाही ते पटत चाललं होतं. पुन्हा गैरहजर राहिलात तर सही करते, असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

आणि नेमका ब्रूकवालशीच सामना, जानेवारीत मैदान गोठल्यामुळे पुढे ढकललेला. नवी तारीख ठरवायला वांदवालचा फोन आला तो आमच्या सेक्रेटरी जॉसला. अकरा फेब्रुवारी चालेल का? जॉस म्हणाला, चालेल की. आता बघा हं. डंकर्कच्या कार्निव्हलचा रविवार कुठला, हे इथे पाळण्यातल्या बाळालाही माहीत असतं. पण तारखेनं कोण ओळखतो? उपासाचे दिवस सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आधीचा रविवार, बस. आजीचा फरकोट कपाटातून बाहेर निघाला की आला कार्निव्हल. जॉस चाळीस वर्षं मिरवणुकीत पहिल्या रांगेत चालणारा माणूस, आणि त्यानंच आपल्या हातानं अकरा फेब्रुवारी लिहून दिलं. ब्रूकवालला कार्निव्हल होत नाही. वांदवालनं मात्र कॅलेंडर बघितलं होतं.

जॉसला उमगलं ते रविवारी सकाळी दहाला, ओठांना लिपस्टिक लावताना. कारण त्या दिवशी आमचे झाडून सगळे पुरुष बायकांचे कपडे घालतात. तसाच, एका ओठाला रंग आणि एक कोरडा, तो धावत फोडींच्या गाडीशी आला. रेजीसनं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, म्हणून जॉस जास्तच घाबरला. मारीवोनला मैदानावर पाठवलं, पंचबाई आल्या की त्यांना कॉफी पाज आणि बोलण्यात गुंतव म्हणून. ते काम तिला सांगायचीही गरज नव्हती. आणि हा तीच गाडी घेऊन निघाला डंकर्कला.

बरीच दारं ठोठावल्यावर, दोनच्या सुमाराला, पोरं सापडली ती एका घरात. कार्निव्हलला ओळखीची घरं मित्रांसाठी उघडी असतात, तशा एका घरात तिमोतेच्या मावशीकडे ती कांद्याचं सूप पीत बसली होती. तिमोते आमचा कप्तान, सव्वीस वर्षांचा, गोदीत क्रेन चालवणारा. त्या दिवशी त्यानं फुलाफुलांचा झगा, जाळीचे मोजे आणि डोक्यावर प्लॅस्टिकची द्राक्षं असा थाट केला होता. सगळे मिळून सात.

रेजीसनं चला म्हटल्यावर कुणी हललं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. तीनला मिरवणूक निघते, पाचला नगरपालिकेच्या सज्जातून हेरिंग फेकतात, आणि पहिल्या रांगेत हातात हात अडकवून मागची सगळी गर्दी रोखून धरायचा मान या पोरांना पहिल्यांदाच मिळाला होता. रांग सोडून गेलेल्याला पुढच्या वर्षी कोण उभं करणार?

"म्हातारबुवा, संघ संपलाय," तिमोते म्हणाला. "आज सात, पुढच्या रविवारी सहा. तुमच्याशिवाय सगळ्यांना कळलंय."

"संपलाय तर संपलाय. पण तो वांदवालच्या फोननं नाही संपणार. संपवायचा तर आपण संपवू, मैदानावर उभं राहून. आणि रांग धरायची म्हणतोस ना? तिकडे पाच हजार लोक आहेत तुझी जागा घ्यायला. इकडे कोण आहे?"

मग मावशीच सुपाचा डाव हातात घेऊन म्हणाली, की जायचं तर लवकर जा, मला टोप घासायचाय.

तिमोतेनं एक शंका काढली. सात आहोत, आठवा कोण? गोलरक्षक पिऊन पडलाय, बाकीचे कुठल्या घरात आहेत देव जाणे. रेजीस म्हणाला, आठवा आहे, तू गाडीत बस.

परतीच्या वाटेवर मिरवणुकीसाठी रस्ते बंद. गाडीत सात दणकट बाया, चरबीचा वास, पिसं उडतायत. पोलिसानं अडवलं, आत डोकावला आणि काही न विचारता जाऊ दिलं. मैदानावर पोचले तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. सामना तीनचा, सव्वातीनपर्यंत थांबायची मुभा, त्यानंतर गैरहजर.

पंच होती काप्युसीन नावाची चोवीस वर्षांची मुलगी. मारीवोनची तिसरी कॉफी आणि हेनबेल घराण्याची तीन पिढ्यांची आजारपणं पोटात घालून ती घड्याळाकडे बघत होती. शेजारी वांदवाल, चांगला ओव्हरकोट घालून. झग्यांवरच संघाच्या जर्सी चढवत सात जण आत शिरले, तसं वांदवालनं बोटांनी मोजलं आणि हसला. मग रेजीस गाडीच्या मागून आला. अंगात तीन नंबरची जर्सी, पोटावर ताणलेली, पायात जुने बूट.

मारीवोननं कप खाली ठेवला.

"हे काय सोंग?"

"कार्निव्हल आहे ना आज," रेजीस म्हणाला.

वांदवालनं लगेच हरकत घेतली. हा माणूस पदाधिकारी आहे, खेळाडू नाही, आणि या वयात मैदानात उतरवणं म्हणजे खुनाचा प्रयत्न. काप्युसीननं टॅबलेटवर नावांची यादी उघडली. हेनबेल, रेजीस. फोटो. खेळाडू म्हणून नोंद, या हंगामाची, डॉक्टरच्या सहीसकट. मागच्याही हंगामाची होती, त्याच्या मागचीही. गेली सव्वीस वर्षं दर जुलैला जॉस फॉर्म भरायचा, आणि रेजीस पदाधिकाऱ्याच्या चौकटीऐवजी खेळाडूच्या चौकटीत खूण करायचा. डॉक्टरनं एकच अट घातली होती, फक्त कागदावर खेळायचं. जॉसला माहीत, डॉक्टरला माहीत. मारीवोनला सोडून सगळ्यांना.

"सव्वीस वर्षं?" मारीवोननं विचारलं. "आणि मला सांगत होतास की कुणी विचारलं नाही म्हणून राहिलंय?"

"खेळ सोडतोस का असं कुणी विचारलं नाही. खोटं काय बोललो?"

तिनं जॉसकडे असं बघितलं की त्याचा उरलेला ओठही लाल झाला. मग रेजीसच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, शिट्टी झाली की पायात गोळा आला म्हण आणि खाली बस. आठचे सात झाले तर पंच सामना थांबवतील, हरल्याचं लिहितील. पण गैरहजर नाही. संघ वाचतो. हुशार बाई. वांदवालनंही पुढे होऊन तेच सुचवलं, उगाच नव्वद मिनिटं कशाला, आमचीही संध्याकाळ वाचेल.

बायकोनं सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं त्यानं. वांदवालनं तोंड घातलं आणि सगळं बिघडलं. रेजीस आपल्या गोलसमोर जाऊन उभा राहिला. ज्या जागी उभा राहिला ती पुढे नव्वद मिनिटं फारशी सोडली नाही.

काप्युसीननं तीन चौदाला शिट्टी वाजवली. संघ वाचला होता, जे काही व्हायचं ते तेवढ्यातच झालं होतं. बाकीचा सामना हा निव्वळ आडमुठेपणा. पहिल्या अर्ध्या तासात तीन गोल खाल्ले, कारण गोलमध्ये उभ्या असलेल्या तिमोतेच्या डोळ्यांवर द्राक्षं येत होती. रेजीस पळत नव्हता, पळता येतच नव्हतं. पण चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच उभा असायचा, आणि ब्रूकवालचा वीस वर्षांचा चपळ गडी येऊन त्याच्यावर आपटायचा, फाटकावर आपटावं तसा. तिसऱ्यांदा आपटल्यावर त्या गड्यानं विचारलं, आजोबा, तुम्ही बाजूला होत नाही का कधी? रेजीसनं त्याला हात देऊन उठवलं आणि सांगितलं, आपली ती पद्धत नाही.

मध्यंतराला नावं यादीत असलेले आणखी तिघं पोचले, एक तर परीच्या पंखांसकट. मारीवोन मैदानाच्या काठावर कोट धरून उभी. आता तुझी गरज नाही, ये बाहेर, म्हणाली.

"तिघांना पुढे घाला," रेजीस म्हणाला. "अकरांची जागा आहे. मी कुणाच्या वाटेत नाही."

"तू आयुष्यभर सगळ्यांच्याच वाटेत आहेस," ती म्हणाली, पण कोट परत स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि त्याच्यासाठी साखर घातलेली कॉफी काठावर ठेवली.

शेवटी सहा-शून्य. दुसऱ्या अर्ध्यात मात्र दोनच खाल्ले. शेवटच्या शिट्टीला पोरांनी त्याला दोन्ही बाजूंनी काखेत धरलं. हातात हात अडकवून, मिरवणुकीतल्या रांगेसारखे झगे फडफडवत सगळे बाहेर आले. पाच वाजून गेले होते. तिकडे सज्जातून हेरिंग पडून संपत आले असणार. तिमोतेनं एकदा डंकर्कच्या दिशेला बघून नाक पुसलं.

वांदवाल जवळ आले. सहा-शून्य हरलात मस्यू हेनबेल, यातून नक्की काय मिळवलंत, असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. रेजीस बाकावर बसला होता, गुडघ्यावर गोठलेल्या फोडींची पिशवी.

"गुण नाही मिळाले," तो म्हणाला. "पण हरायला तरी आम्ही इथे होतो. ठराव खिशातच ठेवा. कोट चांगला आहे, खिसा टिकेल."

काप्युसीन टॅबलेट घेऊन आली. सामन्यानंतर कप्तानानं सही करायची असते. तिमोतेनं टॅबलेट रेजीसकडे सरकवलं. खाली कप्तानाच्या शेऱ्याची एक रिकामी चौकट असते, ती कधीच कुणी भरत नाही. रेजीसनं चष्मा मागितला. मारीवोननं आपलाच काढून दिला. चिखलाच्या बोटानं त्यानं बराच वेळ एकेक अक्षर दाबलं.

काप्युसीननं वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक होती, ती तिनं तशीच ठेवली आणि पाठवून दिलं. जिल्ह्याच्या कचेरीत त्याची ती दोन वाक्यं अजून असतील: लिंडेकापेल हजर होतं. पुढच्या रविवारीही असेल.