पडलो की पडले

लॉफ्ट आवरताना ईराचे लहानपणीचे स्कीइंगचे हातमोजे सापडले. त्यांचा कुबट, ओलसर वास नाकात गेला आणि मी थेट स्कॉटलंडमधल्या त्या शांत उतारावर पोचलो. दर हिवाळ्यात शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही तिघं तिथे जायचो.

एकदा खाली बर्फात आडवी झालेली माझी लेक ओरडली, "बाबा, मी पडलो!"

मी वरूनच हसत म्हणालो, "पडलो काय? मुलगी आहेस ना? पडले म्हण!"

जवळ गेलो तर तिचं मनगट टम्म सुजलेलं. "इट हर्ट्स, डॅडी," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोललीच नाही.

बायको इंग्लिश, त्यामुळे घरात मराठी बोलणारा मी एकटाच. पोरगी 'पडलो' म्हणाली, कारण तिनं मराठी फक्त माझ्याच तोंडून ऐकली होती.