शिवणीतली दोन बोटं

शमीम आपाची बातमी आली तेव्हा मी वारंगा फाट्यावर गाडीतून उतरत होते. फोनवर तिची सून नसरीन होती. आधी म्हणाली, "तुझा कुर्ता तयार हाय." मग म्हणाली, "अम्मी गेल्या. मशीनवर बसल्या बसल्या." दुपारची नमाज झाल्यावर आपा माझ्या कुर्त्याची दुसरी बाही जोडायला बसली होती. बाही पूर्ण झाली होती, दोरा तोडायचा तेवढा राहिला होता.

याला आता सहा आठवडे झाले. आखाडा बाळापूरच्या बाजारगल्लीत तिचं एका खोलीचं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, एक उभा आरसा, भिंतीला खुंटीवर टेप. माझे वडील चळवळीतले कार्यकर्ते. घरात पत्रकांचे गठ्ठे, मी अक्षरं गिरवली तीही त्यांच्या कोऱ्या बाजूवर; पुढं मीही पत्रकं लिहू लागले. उरलेली पत्रकं आपा मागून न्यायची आणि त्यांचे फर्मे, म्हणजे मापाचे कागदी नमुने, कापायची. "पुढारीण बाई, तुमच्या क्रांतीच्या बाह्या लई बराबर बसतात बघा," मला म्हणायची. तिची एक रीत होती. कुणी बारीक झालं आणि कपडा आत घ्यायला आणला, तर जास्तीचं कापड ती कापायची नाही. दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं आत दुमडून शिवून टाकायची. दुसरे शिंपी कात्री चालवत. आपा म्हणायची, "अंग परत येतं लेकी. आलं तर त्याला जागा नको?"

ती स्वतः अंगानं फार जड होती. गुडघे गेलेले, साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी बजावल्यावर एका वर्षात तिनं वजन उतरवलं. दोन भाकरींची एक केली, पहाटे नांदेड रोडनं चालू लागली. तिच्या जुन्या कुर्त्यात आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो, नसरीननं फोटो काढला, आणि तो टाकून मी पत्रक लिहिलं. वर ठळक ओळ होती: 'जिद्दीपुढे चरबी हरते!' आपा हसली, पण म्हणाली, "छापू नको. थोरली अजून गेली न्हाई."

आपल्या जुन्या अंगाला ती थोरली म्हणायची, घरातल्या मोठ्या जावेला म्हणावं तसं.

"कुठंय थोरली?" मी विचारलं. तिनं कुर्ता उलटा करून कुशीची शिवण दाखवली. "ही काय. गपचीप बसलीय दुमडून."

मला ती गंमत वाटली. मी पत्रक छापलं आणि दवाखान्यात जिथं लोक रांगेत बसतात, त्या बाकाच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं.

पुढच्या वर्षी तिच्याच कुर्त्यांच्या शिवणी उसवायला लागल्या. भाकरी एकच होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. चालणंही सुटलं नव्हतं. तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी आपा कुठलातरी कुर्ता उलटा करून बसलेली दिसे. टाके काढले की कापडावर आधीच्या सैल शिवणीच्या भोकांची ओळ दिसायची, आणि नवीन टाका बरोबर त्याच ओळीतून जायचा. "मी कुठं घालून राहिले? सुईच जाऊन राहिली." आरशात बघताना ती स्वतःच्या चेहऱ्याकडं बघायची नाही, खांद्यावरून मागं बघायची. एकदा भर दुपारी हळूच म्हणाली, "ही भूक माझी न्हाई गं. जेवून उठले तरी ती मागं उभी ऱ्हाती. म्हणती, वाढ." मी नकळत मागं पाहिलं. आरशात आम्ही दोघीच होतो.

गल्लीला मात्र मजा होती. समोरचा बांगड्यावाला रोज विचारायचा, "काहून आपा, पोस्टरवालीला खाऊन टाकली काय?"

शेवटची भेट कुर्त्याचं माप द्यायला गेले तेव्हाची. आपा मशीनवर डोकं टेकून झोपली होती आणि घोरत होती. अचानक घोरणं थांबलं. छाती हलेना. मी मनात आकडे मोजू लागले... बारा, तेरा, चौदा... खुंटीवरचा टेप पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता, ती हलत नव्हती. मग विहिरीतून कुणाला ओढून काढावं तसा श्वास आला आणि तिनं डोळे उघडले. "झोपले की थोरली छातीवर बसती," ती म्हणाली, शेजारणीची तक्रार करावी तसं.

"आपा, आत्ता दवाखान्यात चल."

"न्हाई. नसरीन आणती गोळ्या."

"डॉक्टरला दाखवायला तू लागतेस ना?"

"तिथं भिंतीवर मी हाय. तिच्याखाली जाऊन बसू व्हय?"

त्या क्षणी मी उठून ते पत्रक फाडायला हवं होतं. मी म्हणाले, "फोटो काय खोटा होता? पुन्हा जिद्द धर."

तिनं उठून माझं माप घेतलं, टेप खुंटीला लावला.

त्या टेपवर लाल दोऱ्याची एक गाठ होती. वजन उतरवण्याआधीच्या मापावर तिनं ती बांधून ठेवली होती. कफनासाठी नसरीननं तोच टेप अंगाभोवती घेतला, तर तो गाठीवर येऊन थांबला. वर नाही, खाली नाही. कफनाला शिवण नसते. थोरलीला दुमडून ठेवायला आता जागा नव्हती.

नंतर मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, लठ्ठपणा हा आजार आहे; वजन उतरलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो. ते कमी जाळतं, भूक वाढवतं, पोट भरल्याची खूण उशिरा देतं. चरबीच्या पेशी आक्रसतात, पण जात नाहीत, वाट बघतात. हे वर्षानुवर्षं चालतं, म्हणून उपचारही तेवढेच दिवस लागतात. झोपेत श्वास अडकणं हा त्याच आजाराचा भाग आहे, त्यानं हृदयावर ताण येतो, आणि त्याला इलाज असतो. "त्या आल्या असत्या तर तपासलं असतं," एवढंच म्हणाले. आपाला हे सगळं शिवणीतून कळलं होतं. मी, अन्यायाविरुद्ध लिहिणारी, आजाराला हार म्हणाले आणि आजारी बाईला आरोपी करून भिंतीवर टांगलं. जिद्दीच्या नावानं वजन उतरवायच्या पावडरी विकणाऱ्यांत आणि माझ्यात मग फरक कुठं उरला? हे मी इथं छापून सांगते आहे, कारण ती चूकही मी छापूनच केली होती.

पत्रक मी खरवडून काढलं. चिकटवलेली जागा पांढरी राहिली आहे, फोटोतल्या दोन बायका मावतील एवढी. बाकावरची माणसं अजून तिकडं बघतात.

कुर्ता परवा पहिल्यांदा घातला. मी काडीसारखी, तरी तिनं दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं आत ठेवली आहेत. बाहीचा दोरा तसाच लोंबतो, मी तोडलेला नाही. दुपारी खोलीत एकटी बसले की दुमडलेलं कापड बरगडीला लागतं, श्वास घेतला की जरा जास्त. मग मी थांबते आणि ऐकते... पुढचा श्वास येईपर्यंत.