बारा डोळ्यांचं गंध

माझ्या सासूबाई, तुंगाबाई, बोम्मसंद्र्याच्या एका लहान कारखान्यात तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर आहेत. त्यांच्या हाताखालून वाईट माल जात नाही, हे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय. तरी गेल्या वर्षी त्यांनी तपासलेली बारा यंत्रं सिक्कीमच्या डोंगरात जायची होती. उष्मा वाढल्यानं तिथला बर्फ वितळतोय, तळी फुगतायत. एखाद्या तळ्याचा काठ फुटला तर खालचं गाव वाहून जाईल. यंत्राचा काचेचा डोळा पाण्यावर नजर ठेवतो. पाणी एकाएकी उतरलं की गावात भोंगा वाजतो.

आयुधपूजेला कारखान्यात लेथपासून झाडूपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. तो मान सासूबाईंचा. दुपारी पूजा झाली, कोहळा फोडला, चुरमुरे वाटले आणि बारा खोकी टेम्पोतून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे निघाली.

संध्याकाळी मी घरी स्कूटरची पूजा करत होते.

"अगं रूपश्री, स्वल्प, जरा बघून लाव की! दिव्यावरच गंध थापलंस, उजेड कुठून पडणार?"

सासूबाई एवढं बोलल्या आणि पायरीवर बसल्या. "मी डोळ्यांनाच लावलं गं. बाराच्या बारा."

"तिथले लोक पुसतील की," मी म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही वर जोडलं.

"आणि नाही पुसलं तर? खाली माणसं आहेत, बाई!" त्या अशा खवळल्या की मला माझीच लाज वाटली. तिथूनच त्यांनी मॅनेजरना फोन लावला. "रविकुमार अण्णा, टेम्पो परत बोलवा. चूक माझी आहे."

अण्णांचं ओरडणं मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. टेम्पो येलहंक्यापर्यंत पोचला होता, तिथून वळवला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. बंद कारखान्यात सासूबाई कापूस आणि स्पिरिट घेऊन बसल्या. वाळलेलं चंदन काचेच्या कडेला चिकटून बसलं होतं. मी खोकी उघडून देत होते, त्या एकेक डोळा पुसून पाण्याच्या टाकीवर धरून तपासत होत्या. अण्णा दुपारपर्यंत फुगून बसले, मग स्वतःच कॉफी घेऊन आले. आम्ही पुरणपोळी खाल्ली तेव्हा चार वाजले होते.

मे महिन्यात सिक्कीमहून फोन आला. यंत्रं बसवणाऱ्या शुभंकरनं गावात भोंगा वाजताच टेकडीवर पळायचा सराव ठेवला होता आणि तो सासूबाईंना ऐकवायचा होता. आधी भोंगा वाजला, मग पावलांचा, धापांचा, हसण्याचा आवाज. एक बाई हिंदीत मोजत होती. एकशे चौदा माणसं टेकडीवर आली होती.

"खाली कुणी राहिलं नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"कोई नहीं, माँजी."

त्यांनी पुन्हा विचारलं. ती बाई पुन्हा तेच म्हणाली. मग सासूबाई फोन कानाला तसाच धरून खुशाल रडल्या.