एक जूनचे वाघ

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले असतील तुम्ही. पण तो धोंडा थेट चीनमधून मागवणारा पाहिलाय? हा बघा, तुमच्यासमोर बसलाय! हसू नका, आधी चहा घ्या. सांगतो.

पिंपरीत तेव्हा औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होतो. कामगारांची हजेरी, रजा, नोंदवह्या, सगळं माझ्या टेबलावर. राहायला कासारवाडीत, खोलीत जोडीला रशीद, आमच्याच कारखान्यातला फिटर. माझा स्वभाव म्हणाल तर असा, की बस माझ्या देखत न थांबता पुढे गेली तरी कंडक्टरला हाक मारायची मला लाज वाटायची.

माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी चिंचवडच्या शाळेत शिक्षिका, नाव कुसुम. आईबरोबर बघायला गेलो तेव्हा माझ्या हातातली कपबशी इतकी वाजायला लागली, की तिच्या वडिलांनी ती हळूच काढून घेतली. तरी मुलीने हो म्हटलं! का म्हटलं ते देवाला ठाऊक. पण मला ती मनापासून आवडली होती, हे आत्ताच सांगून टाकतो.

जूनमध्ये तारीख ठरवायला बसायचं होतं. लग्नात नीट हसता यावं म्हणून मी किडकी दाढ काढायला खडकी बाजारातल्या चिनी डॉक्टरांकडे गेलो. मोठा गोड माणूस. उभा जन्म खडकीत गेलेला, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. दाढ बधिर होईपर्यंत गप्पा मारायची त्यांना सवय.

"जन्म कधीचा तुमचा?"

मी तोंडात कापूस धरून साल सांगितलं.

"अरे वा! वाघाचं साल!"

मग त्यांनी समजावलं. चिनी पत्रिकेत बारा सालांना बारा प्राणी. साल, महिना, दिवस आणि वेळ हे चार खांब, त्यांवर माणसाचा स्वभाव उभा. "त्यातून तुमचा अग्नीचा वाघ. धाडसी, पुढारी, कुणापुढे वाकणार नाही."

"मी?"

"तारीख पक्की आहे ना?"

"पक्की म्हणजे? एक जून! शाळेच्या दाखल्यावर शिक्का आहे!"

झालं! दाढ तिथेच ठेवून मी वाघ होऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कच्या टेबलावर हात आपटला. "मला शनिवारी रजा पाहिजे!"

"घे की," ते म्हणाले. "इतके दिवस मागितली नाहीस, मला वाटलं तुला आवडत नाही."

पण मला माझी डरकाळीच ऐकू येत होती. जागेवर येऊन मी सहज नोंदवही उघडली आणि अंगावर काटा आला. पहिल्या पानावर दहापैकी आठ जणांचा जन्म एक जूनचा! दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्या पानावर तेच! आता तुमच्यासारख्या शहाण्याला शंका आली असती. मला साक्षात्कार झाला. एक जूनला जन्मलेल्या माणसाला यंत्रं ओढून घेतात! ग्रहयोगच तसा!

संध्याकाळी रशीदला सांगितलं. तो म्हणाला, "अरे भावा, माझीपण एक जूनच आहे."

"बघ! बघ!"

"पण अम्मी तर म्हणते मी रमजानात झालो. कडाक्याची थंडी होती."

"अम्मी विसरली असेल. कागद विसरत नाही."

रविवारी मी पुन्हा खडकीला. डॉक्टरांनी माझं ऐकलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

"एकाच तारखेला? इतकी माणसं?"

"शिक्क्यासकट!"

"आमच्या ग्रंथांत असं कुठेच लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. चीनच्या ग्रंथांत नाही ते पिंपरीत सापडलं होतं! त्या भरात मी कुसुमचं जन्मसाल सांगितलं.

"शेळीचं साल," ते म्हणाले. "वाघाशी जरा जड जातं, पण..."

पणच्या पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. त्या गरीब मुलीच्या संसारात वाघाने शिरायचं? तिच्यासाठी तिलाच सोडायचं, असं मी ठरवलं. रडलोसुद्धा थोडा.

बैठकीला आई साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून आली. कुसुमच्या वडिलांनी पोहे दिले आणि विचारलं, "मग तारीख कोणती धरायची?"

मी उभा राहिलो. "हे लग्न होऊ शकत नाही. मी वाघ आहे."

आईचा घास हातातच राहिला.

"आणि तुमची मुलगी शेळी आहे. चिनी पत्रिकाच तसं सांगते. तिच्या जिवाच्या काळजीनेच सांगतोय."

आतल्या दारातून कुसुम बाहेर आली. रागावलेली. "तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, शाळा उघडल्यापासून मी एकटीने चाळीस पोरं एक जूनला जन्माला घातलीत! आईबापांना तारीख सांगता आली नाही, की आम्ही एक जूनच लिहितो!"

"पण शिक्का..."

"कसला शिक्का न् काय!" आई कडाडली. "आरं, तू नागपंचमीच्या दुसऱ्या दिशीचा! डोक्यावरनं हात घेऊन तुझा कान तुला धरता आला, म्हनून गुर्जींनी वयात एक वरीस वाढवून साळंत घेतलं."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी इचारलंस?"

मी चपला घातल्या आणि तडक खडकी गाठली. खरं साल ऐकून डॉक्टर बोटांवर मोजत म्हणाले, "ससा. मऊ मनाचा, भांडण टाळणारा, घर धरून राहणारा. सशाला शेळी फार मानवते. पण मग ते कारखान्यातले तुमचे एक जूनवाले?"

"जाऊ द्या हो, डॉक्टर."

"जाऊ द्या कसं? मी कलकत्त्याला पत्रिका बघणाऱ्या काकांना पत्र टाकलंय!"

तसाच चिंचवडला परतलो. फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो, आत जायचा धीर होईना. शेवटी कुसुमच बाहेर आली. वाटेत पाठ केलेलं सगळं मी विसरलो.

"मी ससा आहे," एवढंच तोंडातून निघालं.

"ते मला कपबशी वाजली तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर हो म्हटलं. वाघाला कोण कशाला हो म्हणेल?"

तेवढ्यात आतून तिच्या वडिलांचा आवाज आला, "जावईबापू आले का? मग तारीख कोणती धरायची?"

मी तोंड उघडलं.

"बाबा!" कुसुम ओरडली. "काहीही विचारा, पण त्यांना तारीख विचारू नका!"