मोहिते अण्णांची निळी गाडी

भंगारवाल्याने साखळी अडकवायच्या आधी मोहिते अण्णांनी खिशातला रुमाल काढला आणि गाडीची पुढची काच पुसली. मी फाटकाशी उभा होतो. मोडायला चाललेली गाडी कुणी पुसतं का?

अण्णा आमचे शेजारी. शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कुठूनशी ती जुनी निळी गाडी आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी चालती केली. रविवारी काकूंना शेजारी बसवून कृष्णेच्या घाटापर्यंत एक फेरी, एवढंच तिचं काम. मग नव्या कायद्याची बातमी आली. इतक्या जुन्या गाड्या, हौसेच्यासुद्धा, रस्त्यावर आणायच्या नाहीत. तो अजून नुसता प्रस्ताव होता, म्हणून हरकत सांगायला अण्णा कचेरीत गेले.

"हिचा उपयोग काय?" साहेबांनी विचारलं.

"उपयोग काही नाही साहेब. आवड आहे."

साहेब हसले. ते हसणं अण्णांना फार लागलं. "उद्या भर रस्त्यात कुणी खाली उतरवण्यापेक्षा मीच तिला घालवतो," असं मला म्हणाले.

जुन्या गाड्या धूर सोडतात, हे मलाही पटतं. पण आमच्या गावाबाहेरच्या कारखान्याच्या धुराड्याला कुणी वय विचारत नाही. ज्याला हसून गप्प करता येतं, त्याच्यापासूनच कायद्याची सुरुवात होते.

काल कळलं, तो प्रस्ताव मागे घेतलाय. मी लगेच सांगायला गेलो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं. बाकीच्यांच्या वाचल्या," म्हणाले, आणि मला आत या असंही न म्हणता त्यांनी दार लावून घेतलं.