डाळ श्वास घेत नाही

अठरा हजार फुटांवरच्या त्या चौकीत आम्ही अकरा जण होतो. मुक्काम नव्वद दिवसांचा. मी हवालदार शिवराज, औरादचा. माझं काम लंगर, म्हणजे चौकीचं स्वयंपाकघर, सांभाळणं. फौज म्हणजे नुसती बंदूक असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दहा उपाशी जवानांना कच्ची डाळ वाढून बघावी.

मी वाढली होती. आमच्याकडं पातेल्यातलीच डाळ गोड लागते म्हणतात, म्हणून कुकर असताना मी पातेलं चढवलं. अडीच तास पाणी खळखळ उकळत होतं आणि तूर टणक ती टणकच. मी तुरीला शिव्या घातल्या.

ते नायक गौतम सोनकांबळेला झोंबलं. तो चौकीचा नर्सिंग असिस्टंट, आळंदचा. तुरीच्या गावचा माणूस तुरीची बदनामी ऐकून घेत नाही. त्यात फिजिक्सचा बीएस्सी.

"अण्णा, तुरीला कामून नाव ठेवायलास? इथं हवा पातळ हाय. पाणी ऐंशी-ब्याऐंशी डिग्रीलाच उकळायलंय. उकळलं म्हणजे लई तापलं, असं न्हाई."

"मग काय करू?"

"कुकर लाव. आत दाब वाढला की पाणी जास्त तापतंय."

डाळ शिजली. मला दहावीला विज्ञानात पस्तीस मार्क, तरी त्या दिवसापासून मी त्याचा विद्यार्थी झालो. स्टोव्हजवळ बसून तो एकेक गोष्ट समजावायचा. एकदा त्यानं एक लांबलचक बॅग उघडून दाखवली. आत माणूस झोपवायचा, चेन लावायची आणि पायाच्या पंपानं हवा भरायची. आतला दाब वाढला की आजारी माणसाला पाच-सहा हजार फूट खाली उतरवल्यासारखं होतं.

"माणसाचा कुकरच म्हण की," मी म्हणालो.

"व्हय. पण एक फरक हाय अण्णा. डाळ श्वास घेत न्हाई, माणूस घेतो."

मी हसलो आणि विसरलो.

पुढं गौतम दहा दिवस खाली बेस कॅम्पवर जाऊन आला. परत चढल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेपाचला, त्याच्या खोकल्यातून गुलाबी फेस आला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. फौजेत त्याला हापो म्हणतात. खरा उपाय एकच, खाली नेणं. बाहेर वादळ होतं, वाट बुजली होती. सुभेदार साहेबांनी वायरलेस सेट उचलला.

"एक पेशंट, सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम नहीं है. वेट करो. आउट."

त्यानंतर सेटवर नुसती खरखर. आठ वाजता ऑक्सिजनचा शेवटचा सिलिंडर संपला. आम्ही गौतमला बॅगेत घातलं आणि मी पंपावर पाय ठेवला. बॅगेवरचा दाबाचा काटा चढत गेला आणि हव्या त्या आकड्यावर थांबला.

मीही थांबलो. कुकरला प्रेशर आलं की आच कमी करायची, हे माझ्या हाताचं जन्माचं वळण. साहेबही म्हणाले, "काटा टिका है. आराम कर."

दहा मिनिटं गेली. बॅगेच्या खिडकीवर वाफ धरली होती. मी आत डोकावलो. गौतमची छाती भात्यासारखी चालली होती. काटा मात्र जागचा हलला नव्हता. तेव्हा गौतमचं ते डाळीचं वाक्य आठवलं. आत दाब होता, पण हवा शिळी झाली होती. तो स्वतःचाच टाकलेला श्वास परत घेत होता.

"साहब, पंप बंद नहीं होगा. काटा ठीक है, हवा ठीक नहीं."

साहेबांनी एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग स्वतः पंपावर पाय ठेवला. दहा जणांनी आळीपाळीनं सात तास पंप मारला. जुनी हवा व्हॉल्व्हमधून जात राहिली, नवी आत येत राहिली. गौतमचा श्वास थोडा संथ झाला. दुपारी तीनला आभाळ उघडलं, हेलिकॉप्टर आलं.

चौथ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये वारला. खाली उतरल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "तुझ्या दहा मिनिटांनी काही बिघडलं नाही." डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. पण ती दहा मिनिटं माझ्या मानेवर बसलीत ती बसलीच.

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा आळंदला गेलो. गौतमचे वडील ओट्यावर तूर निवडत होते.

"बीएस्सी करून फौजेत कामून जायलास म्हणून लई भांडलो त्याच्याशी," ते म्हणाले. "त्या शिक्षणाचा तिथं काय उपेग?"

मी सगळं सांगितलं. डाळ, बॅग, पंप. दहा मिनिटंही सांगितली, खाली बघून. सुपातला त्यांचा हात तसाच राहिला.

"दुसऱ्या दिशी हॉस्पिटलातून त्याचा फोन आल्ता," शेवटी ते म्हणाले. "आईला इचारलं, जेवलीस का. लई बोलवत नव्हतं त्याला. तेवढं एक बोलणं हाय आमच्याजवळ." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ते त्या सात तासांचं हाय, बाबा."

आई आतून म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ नगा."

ताटात तुरीची डाळ होती, पातेल्यातली. आळंदच्या उंचीवर ती साध्या पातेल्यातही मऊ शिजते. का शिजते, ते मला नायक गौतम सोनकांबळेनं शिकवलं होतं.