मुळशीचा तांदूळ आणि सदाचा निरोप

पुण्यात माझी खानावळ आहे. पेठेतला व्यापारी आंबेमोहोरात भलताच तांदूळ मिसळतो, म्हणून यंदा सुगी संपताच मी स्वतःच मुळशीला निघाले. महाराष्ट्र राज्य नवं झालं, पण पौडची एस.टी. जुनीच होती. चढ आला की ती थांबे आणि आम्ही उतरून चालू लागायचो.

पौडला मला गावात न्यायला सदा बैलगाडी घेऊन उभा होता. तिशीचा, धोतर, मुंडासं, मिशी नाही, आवाज बारीक. वाटेत ओढ्यात चाक रुतलं. त्यानं खांदा लावून गाडी काढली, पण माझी फराळाची पिशवी पाण्यात गेली.

"लाडू ग्येलं, बाई. बैल वाचलं," तो म्हणाला.

पुढच्या वळणावर धरणाचं पाणी दिसलं, निळं आणि गप्प. "आमच्या आज्याचं गाव त्याच्या बुडाशी हाय," सदानं चाबकानं दाखवलं.

मुक्काम गावातल्या राधाक्का नावाच्या शेतकरणीकडे होता, तांदूळही त्यांचाच. जेवायला तांदळाची भाकरी आणि कुळथाचं माडगं (पातळ सार). ते माझ्या खानावळीतल्या आमटीहून सरस होतं, हे इथंच लिहून टाकते. खानावळीत कबूल करणार नाही.

पडवीत दोन बायका एका उखळात भात कांडत होत्या. मुसळं आळीपाळीनं पडत होती, ओवी चालली होती. सदा पोतं ठेवायला आला आणि ओवी थांबली. दोघींनी पदर पुढे ओढले. त्यातली तारा नावाची विधवा तर भिंतीकडे वळली. सदा मान खाली घालून निघून गेला.

"एवढं काय भ्यायचं त्याला?" मी विचारलं.

"भ्येत्यात कुटं? रीत हाय," राधाक्का म्हणाल्या. "सदा जन्मला पोरगी म्हनून. बाप मेला तवा त्यानं नांगर धरला, क्यास कापलं, धोतर नेसला. म्हनला, मी आदीपासनं बाप्याच (पुरुषच) हाय. लोक लई हसलं. आता बाप्यांत धरून चावडीवर बोलावत्यात."

"आणि तारा?"

"तिचं मुसळ त्याच्या जोडीनं चालायचं. कंदी एकमेकांवर आपटलं न्हाई. आता बाप्या उखळापाशी कसा बसंल?"

सकाळी पाणी बघायला गेले, तर सदा बैल धूत होता.

"बाई, एक काम करशीला? ताराला इचारा, माझ्यासंगं पाट (विधवेचं दुसरं लग्न) लावंल का. गावातल्या बाईला सांगितलं तर सांजच्याला गावभर व्हईल. तुमी काय, आज जानार."

"तूच विचार की."

"कुटं? पानवठ्यावर बाप्यानं थांबायचं न्हाई. मला पोरगी समजत व्हते, तवा दिसभर बोलायचो, पर ह्ये सांगता येत नव्हतं. आता सांगता येतंय, तर बोलायलाच मिळत न्हाई."

असली कामं मी करत नाही. तरी गेले.

तारा तांदूळ पाखडत होती. मी सरळच विचारलं. सूप थांबलं.

"त्याच्यात काय उनं हाय म्हनून न्हाई, बाई. नवरा मारायचा, तवा मी सदाच्याच खांद्यावर रडले. तवाच ठरीवलं, नवरा ग्येला तर पुन्यांदा बाप्याच्या घरात जायाचं न्हाई. आन त्यो बाप्याच हाय."

"हेच सांगू?"

"सांगा. आन म्हनावं, मुसळ आता घडोघडी आपटतंय." तिनं पदरानं डोळे पुसले. सूप पुन्हा सुरू झालं, जरा जोरातच.

परतीच्या वाटेवर मी शब्दन् शब्द सांगितला. ओढ्याला सदानं उतरून गाडी आधी पार काढली.

"म्हंजी समद्या गावात तिनंच मला पुरता बाप्या धरला," तो म्हणाला आणि हसला. हसू टिकलं नाही. मग त्यानं नीट चालणाऱ्या बैलांना उगाच हाकललं.

पौडला पोती टपावर चढवून तो खिडकीशी आला. "फुडल्या सालीबी हितनंच न्या तांदूळ. तवर तिला काय बोलावं वाटलं, तर..."

"तांदूळ चांगला निघाला तर येईन," मी म्हणाले.

घरी पहिला भात शिजला, तेव्हा वास जिन्यापर्यंत गेला. जेवणाऱ्यांनी मागून मागून खाल्ला. मला मात्र तो नीट गेला नाही. एकाच गावात दोन माणसं, एकमेकांशी बोलायला आसुसलेली, आणि मधली वाट म्हणजे वर्षातून एकदा येणारी परकी बाई. तांदूळ कसाही निघो, पुढच्या सुगीला मी पौडची एस.टी. धरणार आहे.